शेऱ्याचा रकाना

"काका, शेऱ्याचा रकाना बी वर चढवायचा का?" शिवकन्यानं विचारलं आणि मार्तंडकाकांच्या हातातली बशी कलंडली. चहा मांडीवर सांडला. चांगला कढत होता, पण पोळल्याचं त्यांना मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच, की हिनं त्या रकान्याचं नाव घेतलं. सोळा वर्षं ही बाई त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसते, साडेचार हजार स्थळांची कार्डं तिच्या बोटांखालून गेली, तो एक रकाना सोडून सगळे रकाने तिनं भरले, पण तो उघडून दाखवा असं कधी म्हणाली नाही. आणि आज विचारलं तेही कसं, तर डबा आत्ता खाऊ का मागून खाऊ, असं विचारावं तसं. "तुला काय करायचंय शेऱ्याचं?" काका म्हणाले, आणि आवाज नको तेवढा चढला. "मला काय करायचंय? नचिकेतदादा म्हणून गेले ना, लपवलेलं बी सगळं वर जातंय, म्हणून इचारलं." तिनं फडकं आणून त्यांच्या हातात दिलं आणि पाठ करून उभी राहिली, म्हातारा माणूस मांडी पुसतोय तर बघू नये म्हणून. अशी समजूतदार. या समजूतदारपणाचाच काकांना अलीकडं राग यायचा.

हे सगळं नचिकेतनं लावून दिलेलं. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. दिवाळीला चार दिवस आला आणि बापाची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कान लावून बसला. "बाबा, ह्याची घरघर ऐकलीत? हा आज जाईल नाहीतर उद्या. गेला की हिंगोली जिल्ह्यातली सगळी लग्नं ह्याच्याबरोबर गेली म्हणून समजा." मग म्हणाला, क्लाउडवर टाकू. काकांनी त्या शब्दाचं मनातल्या मनात मराठी केलं आणि त्यांना हसू आलं, कारण माणूस मेला की टवाळ पोरं म्हणतात, ढगात गेला. तीस वर्षांचा धंदा ढगात घालायचा म्हणतंय कार्टं! पण नचिकेत हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं, माहिती दूर कुठंतरी मोठाल्या मशिनींवर राहील, इथला हा डबा जळाला तरी तिला काही होणार नाही, वाशिमचा माणूस वाशिमातून बघेल, लातूरचा लातुरातून, आणि ज्याचं कार्ड त्याला स्वतःच्या मोबाईलवर अख्खं दिसेल, आपण त्याच्याबद्दल काय लिहून ठेवलंय त्यासकट. "ज्याची माहिती त्याची, बाबा. आता कायद्याचंही तेच म्हणणं आहे." काल संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये चढता चढता बजावून गेला, मित्राची कंपनी खोळंबली आहे, उद्या सहाच्या आत हो की नाही ते कळवा. उद्या म्हणजे आज.

गेले चार दिवस काका बाजारातून कारणं गोळा करत हिंडत होते. नाही म्हणायचं तर कारण लागतं, आणि पुण्याच्या पोराच्या तोंडावर मारण्याजोगं लागतं. हळद पॉलिश करण्याचा कारखाना असलेला किसनसिंग म्हणाला, "पंडितजी, अपना माल अपने गोदाम में. दुसऱ्याच्या गोदामात ठेवला अन् उद्या त्यानं कुलूप बदललं, तर मी काय बोंबलत बसू?" रक्त तपासणीची लॅब चालवणारा भीमराज म्हणाला, "लोकाचे रिपोर्ट हायेत, काका. कुठं फुटले तर शिव्या मला पडतेत. त्या मशीनवाल्याचं तर तोंडबी कोणी पाह्यलेलं न्हाई." रस्ता खणला की नेट जातं, एकदा आत गेलं की बाहेर निघायची वाट सांगत नाहीत, आज फुकट म्हणतात आणि उद्या भाडं लावतात, सगळी कारणं काकांनी नीट लक्षात ठेवली आणि रोज रात्रीच्या जेवणाला एकेक काढून पोरापुढं ठेवली. पोरानं प्रत्येकाला उत्तर दिलं. कुलपाची किल्ली आपल्याकडंच राहते, तीन तीन ठिकाणी नकला असतात, नको वाटलं तर सगळं उतरवून घेता येतं. शेवटी भात कालवता कालवता म्हणाला, "सगळ्या धंदेवाल्यांचं हेच आहे, बाबा. सांगतात ती कारणं खरीच असतात. पण त्या कारणांसाठी कुणी अडत नाही." हे तो सहज म्हणाला, त्याच्या पोटात काही नव्हतं, पण काकांचा घास तोंडात फिरला. किसनसिंगचं खरं कारण म्हणजे त्याचा अकोल्याचा भागीदार भाऊ, ज्याला कारखान्यातलं निम्मं माहीत नाही. भीमराजचं खरं कारण म्हणजे मागं कधीतरी बदलून दिलेला एक रिपोर्ट. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं, दोघांच्या बोलण्यातूनच कळलं होतं. माणूस काय झाकतोय हे ओळखण्यातच तर त्यांचा जन्म गेला.

तोच त्यांचा धंदा होता. लोकांना वाटतं वधू-वर सूचक केंद्र म्हणजे फोटो आणि पत्ते. पत्ते काय, कुणीही देतं. माणसं स्टेशन रोडवरचा तो अरुंद जिना चढून येत ती शेऱ्यासाठी. मुलगा घेतो. आईपुढं कुणाचं चालत नाही. पहिलं मोडलंय, सांगत नाहीत. फोटो पाच वर्षांपूर्वीचा. आणि या सगळ्यांच्या वरचा, लाल पेनातला शेरा होता पु. चौ., म्हणजे पुन्हा चौकशी. हा शेरा असलेलं स्थळ कुणी विचारलं, तर काका चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "स्थळ चांगलं आहे. फक्त पुन्हा एकदा चौकशी करून घ्या." बस्स, एवढंच. यात कुणाची निंदा नाही, कुणी येऊन भांडावं असं काही नाही. आणि चौकशी करा म्हटलं की चौकशी कुणीच करत नाही, हे त्यांना धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत कळून चुकलं होतं. समोरचा मान हलवतो, बायकोकडं बघतो, फोटो पाकिटात घालून परत देतो. कुणाकडं जायचं, काय विचारायचं, ही भानगडच नको. त्यापेक्षा दुसरा फोटो दाखवा. तेवढ्या एका वाक्यानं किती सोयरिकी जागच्या जागी मिटल्या याचा काकांनी कधी विचार केला नाही. पुष्कळ वेळा वाक्य खरं होतं, लोक वाचले होते, पेढे घेऊन आले होते. एकदा खोटं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी पुसेगावचे तातेराव जीप घेऊन आले होते. चाळीस एकराचा माणूस, पांढरा झक्क सदरा, सोबत एक पाहुणा. थोरल्या मुलीचा फोटो, शिवकन्या, वय बावीस, बी. ए. खुर्चीत ऐसपैस बसून तातेराव पाहुण्याला म्हणाले, "हे आपले दलाल." नुसती ओळख करून दिली हो. हळदीला दलाल, बैलाला दलाल, तसा हा लग्नाचा. हिणवायचं त्यांच्या मनातही नसणार. पण ऑफिसात सहा माणसं बसलेली होती आणि त्यातला एक खुदकन हसला. काकांचे वडील देवळात पूजेला असत, त्यांच्या पाया लोक पडत. काका स्वतः पदवीधर. दलाल! त्यांनी हसून चहा मागवला, तातेरावांना जिन्यापर्यंत पोचवलं, परत येऊन लाल पेन उघडलं आणि पोरीच्या कार्डावर दोन अक्षरं लिहिली. आठ दिवसांनी खोडू असं ठरवलं होतं, हे त्यांना पक्कं आठवतं. आठ दिवसांनी सेनगावचं एक घर त्या फोटोवर खूश होऊन बसलं, काकांनी चष्मा पुसला, ते वाक्य म्हटलं, आणि ते ऐकून समोरच्या चाळीस एकरावर पाणी सोडून माणसं उठून गेली, तेव्हा अंगातून असं काही गोड गेलं की खोडायचं राहिलं. मग जिंतूरचं घर आलं. मग वसमतचं. चौथ्या वेळी तर त्यांना दलाल हा शब्दही आठवला नाही. कार्डावर शेरा होता, तो वाचला आणि म्हणून टाकला. पुढं धाकटीचं लग्न आधी झालं. नंतर तातेराव एकटेच आले, खुर्चीच्या टोकावर टेकले, टोपी हातात. "मार्तंडराव, काय चुकतंय हो आमच्या पोरीचं? तुमी सांगा, आमी दुरुस्त करू." मार्तंडराव म्हणाले! काकांनी ते नाव जिभेवर घोळवलं आणि सांगितलं, "योग असतो, तातेराव." त्या दिवशी खोडायला हरकत नव्हती. पण आता खोडलं तर आपणच लिहिलं होतं असं होईल, असं काहीतरी त्यांना वाटलं.

तातेराव गेले, भावांनी जमीन वाटून घेतली, वाटणीत बहीण कुणाच्याच वाट्याला आली नाही, आणि शिवकन्या पंचविसाव्या वर्षी काकांकडं कामाला आली. काकांनीच बोलावलं. गावभर नाव झालं, मार्तंडकाकांनी बिचारीला आधार दिला. काकांनाही ते हळूहळू खरं वाटू लागलं. कॉम्प्युटर आला तशी काकांनी हातात धरून वाचून दाखवलेली सगळी कार्डं तिनं त्यात भरली, शेऱ्याचा रकाना तेवढा काकांनी स्वतः एका बोटानं भरला, लपवला आणि त्याला पासवर्ड घातला. पुढं जुनी कार्डं जाळून टाकली. तिच्या नावापुढं आल्यावर बोट थांबलं होतं की नाही, हे मात्र आता आठवत नाही. भरला एवढं खरं. बायको गेली तेव्हा तेरा दिवस घरात हीच राबली. सकाळची साखरेची गोळी, दुपारची रक्तदाबाची, अर्धी कुठली आणि अख्खी कुठली, हे सगळं तिच्या डोक्यात. नचिकेत फोनवर विचारायचा, बाबा, तब्येत कशी आहे, तर काका म्हणायचे, थांब, शिवकन्याला देतो.

फडकं घेऊन ती मोरीवर गेली, पिळून आली, आणि खुर्चीत बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "काका, एक बोलू का? माझं कार्ड बी वर जाईल ना?" काका ओली मांडी झटकत राहिले. "न्हाई, बंद केलेलं असंल तर चालू करा म्हणते. हितं मला समदे वळखतेत, तातेरावाची राहिलेली पोरगी. तिकडल्या माणसाला कुठं म्हाईत असणार, किती वर्सं राहिली ते?" असं म्हणून ती हसली. मग हसणं आवरून एका दमात म्हणाली, "लेकरं होण्याचं वय गेलं, ते मी स्पष्ट लिव्हते. कोणाचं असंल तर सांभाळीन. मला एकटीनं मरायचं भेव वाटतं, काका." सोळा वर्षांत ती इतकं कधी बोलली नव्हती. आणि अजून संपलं नव्हतं. "अन् आज बारा वाजता वसमतच्या मिनाताई यायच्यात. त्यांचा भाऊ भागवत, सिद्धेश्वरच्या धरणावर नोकरीला, बायको वारून दोन वर्सं झाली, पोरगी नववीत. स्थळं इचारायला फोन केला अन् माझ्याशीच अर्धा घंटा बोलल्या. मग म्हणल्या, तूच काहून न्हाई गं? मी म्हटलं, काकांना इचारा. तुमच्या शब्दाच्या म्होरं कोणी जात न्हाई." तिचे कान लाल झाले होते. एक्केचाळीस वर्षांच्या बाईचे कान असे लाल होतात हे बघून काकांना कसंसंच झालं.

ती कोपऱ्यावर दूध आणायला उतरली तसे काका तिच्या खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला, रकाना उघडला. इतकं सोपं होतं. तिच्या ओळीवर जायचं आणि एक बटण दाबायचं. ना लाल शाई, ना खाडाखोड, मागं काही राहणार नाही. नचिकेत म्हणाला होता की वर गेल्यावर मात्र कुणी काय पुसलं, केव्हा पुसलं, सगळं नोंदलं जातं. म्हणजे पुसायचं तर आत्ताच, या घरघरणाऱ्या डब्यातच. त्यांनी बोट बटणावर ठेवलं. पुसलं, की मिनाताईंना दोन बरे शब्द सांगायचे. सांगितले, की महिन्याभरात ही सिद्धेश्वरला. मग ही खुर्ची रिकामी, आणि नव्या माणसाला बसवायचं, ते रकाना उघडून दाखवा म्हणणार, चहात साखर घालणार. म्हातारपणी हे कुणी सांगितलंय? आपण पोरीचं वाईट केलं याचं काकांना दुःख होतं, खरंच होतं, डोळे भरून आले होते. पण ती जाईल याची भीती त्याहून मोठी होती. जिन्यावर पावलं वाजली. त्यांनी बोट उचललं आणि स्क्रीन बंद केला.

शिवकन्याच्या मागोमाग मिनाताईही आल्या होत्या, जाडसर, घामाघूम, हातात पर्स. शिवकन्या दूध घेऊन आतल्या खोलीत गेली. मिनाताई बसल्या बसल्या म्हणाल्या, "काका, मी आडून न्हाई बोलत. बाई मला पसंत हाय. भावाला फोटो दाखवला, तो बी न्हाई म्हणला न्हाई. तुमच्याजवळ सोळा वर्सं हाय, तवा तुमी काय ते सांगा." आत कपांचा आवाज होत होता, तो थांबला. काका सांगू लागले. खोटं बोलत नाही, उलटून बोलत नाही, माझी बायको गेली तेव्हा पोटच्या लेकीनं करावं तसं केलं, कामात वाघीण, मायेची. प्रत्येक शब्द खरा होता. मिनाताईंचा चेहरा खुलला, त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, भाचीचा फोटो दाखवायला. तेवढ्यात काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी पुसली, आणि म्हणाले, "फक्त आपली एक रीत म्हणून सांगतो. पुन्हा एकदा चौकशी करून घ्या." जीभ घसरली असं पुढं त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण घसरली नव्हती. वाक्य सुरू करायच्या आधी त्यांना उद्याची सकाळ दिसली होती, आणि टेबलावरच्या त्या सगळ्या गोळ्या, कुठली अर्धी आणि कुठली अख्खी.

मिनाताईंनी मोबाईल परत पर्समध्ये ठेवला. शिवकन्या दोन कप घेऊन बाहेर आली. हे वाक्य तिनं या खोलीत शेकडो वेळा ऐकलं होतं, ऐकून उठून जाणारी माणसं बघितली होती, त्यांना जिन्यापर्यंत पोचवायलाही गेली होती. तिनं एक कप मिनाताईंपुढं ठेवला, एक काकांपुढं, आणि पदराला हात पुसत मिनाताईंच्या समोर उभी राहिली. "ताई, चौकशी करायची हाय ना? मी हितंच हाय. इचारा." मिनाताई गडबडल्या. "न्हाई गं, तसं काही न्हाई." "काय बी इचारा. माझा बाप कसा होता, मी कोणाबरोबर बोलत होते का, मला काय आजार हाय का. मला राग न्हाई यायचा. इचारा ना, ताई." शेवटचे शब्द तिनं जवळजवळ हात जोडूनच म्हटले. मिनाताई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावाशी बोलते अन् फोन करते. चहा राहू दे, बस निघून जाईल." त्यांनी काही विचारलं नाही. जिना उतरतानाचा त्यांचा आवाज बराच वेळ येत होता, कारण त्यांचे गुडघे दुखत असावेत.

"माझ्या कार्डावर बी हेच हाय ना, काका?" शिवकन्यानं विचारलं. काकांनी कप उचलला. "काहून लिव्हलं?" तुझ्या बापानं मला सहा माणसांत दलाल म्हटलं म्हणून, हे उत्तर त्यांनी मनात म्हणून बघितलं आणि ते इतकं पोरकट, इतकं क्षुद्र वाटलं की ते देण्यापेक्षा काहीही बरं. "अगं, सगळ्यांच्याच कार्डावर असतं ते. रीत आहे." "समद्यांच्या?" "सगळ्यांच्या." तिनं हजारो लग्नं जमताना बघितली होती, कोण चष्मा पुसल्यावर उठून गेलं आणि कोण पेढे घेऊन आलं, हे तिला काकांपेक्षा जास्त पाठ होतं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. काकांना वाटलं, आता ही ओरडेल, कप फेकेल, चालती होईल, आणि झालं तर एकदाचं होऊन जाऊ दे. पण भावांच्या घराचे दरवाजे बंद होते, स्टेशनमागच्या भाड्याच्या खोलीखेरीज तिला जगात जागा नव्हती, आणि या नोकरीखेरीज त्या खोलीला आधार नव्हता. हे तिला माहीत होतं. तिच्या आधी काकांना माहीत होतं. तिनं मिनाताईंचा न प्यालेला कप आत नेऊन ओतला, विसळला, आणि बाहेर येऊन टेबलावर पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला. दुपारची गोळी चुकवून चालत नाही.

साडेपाचला काकांनी नचिकेतला फोन लावला. "नको म्हणतोय रे ते क्लाउडचं." "पण कारण काय, बाबा?" चार दिवस गोळा केलेली कारणं होती, नेट, कुलूप, भाडं, पण त्या सगळ्यांची उत्तरं पोरानं आधीच देऊन ठेवलेली. काकांनी समोर बघितलं. शिवकन्या नवीन कार्ड भरत होती. "माझं काही नाही रे," ते म्हणाले, "पण शिवकन्याचीच तयारी नाही. ह्या वयात नवीन शिकायचं म्हणजे तिला जड जातं." कीबोर्डचा आवाज थांबला. तिकडून नचिकेत हसला. "वाटलंच मला. सगळीकडं हेच होतं, स्टाफच घाबरतो. द्या त्यांना, मी समजावतो." काकांनी फोन तिच्यापुढं धरला. शिवकन्यानं फोन घेतला, कानाला लावला आणि नचिकेतचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढा वेळ ती काकांच्याच तोंडाकडं बघत होती.

"व्हय, दादा," ती म्हणाली. "मलाच भेव वाटतं." आणि तिनं फोन त्यांना परत दिला.